उपासना ऐकायची की करायची?

घरी जमून उपासना करणाऱ्यांवर आपल्या मंडळ्यांत जे आक्षेप घेतले जातात, ते उडवून लावण्यासारखे नाहीत. आक्षेप घेणारे बहुतेक जण मंडळीवर जीव असलेले असतात. मंडळी फुटू नये, वचनाशी कोणी खेळू नये, ही त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप गोंधळाचा. जो तो बोलू लागला की उपासनेचा बाजार होतो, असे म्हणतात. होतो, हे खरे. करिंथमध्ये तो झालाच होता. इ.स. ५५च्या सुमारास पौलाने करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र वाचा. अन्य भाषांत बोलणाऱ्यांची रीघ लागलेली, संदेश देणारे एकमेकांवर कडी करणारे, प्रभुभोजनाला कोणी पिऊन तर्र तर कोणी उपाशी. याहून बिघडलेली घरगुती सभा दाखवणे अवघड आहे. एकाने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे, हा सोपा तोडगा पौलाच्या हाताशी होता. तो त्याने काढला नाही. तुम्ही एकत्र येता तेव्हा कोणाकडे स्तोत्र असते, कोणाकडे शिकवण, कोणाकडे प्रकटीकरण, हे तो धरूनच चालतो आणि त्याला वळण लावतो. दोघांनी किंवा तिघांनी बोलावे, एकामागून एक बोलावे, इतरांनी पारख करावी. बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झाले, तर बोलत असलेल्याने थांबावे. बोलणाऱ्याने थांबावे! आपल्या किती व्यासपीठांवर हा नियम चालेल? आणि जेवणाबद्दल तो एवढेच सांगतो की एकमेकांसाठी थांबा.

याच पत्रातली स्त्रियांनी गप्प राहण्याची ओळ इथे हमखास पुढे केली जाते. पण तीन अध्याय आधी त्याच पौलाने प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रिया गृहीत धरल्या आहेत. नुंफेच्या घरी मंडळी जमत होती, फिलिप्पैत लुदियेचे घर बंधुजनांना उघडे होते. त्या एका ओळीची सरसकट तोंडबंदी करता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. सेमिनरीत न शिकलेली माणसे वचन उलगडू लागली, तर पाखंड माजेल. याला उत्तर इतिहास देतो. ज्याच्या शिकवणीमुळे ३२५ साली निकियाची परिषद भरवावी लागली, तो अरियस अलेक्झांड्रियाचा दीक्षित धर्मगुरू होता. ४३१ साली इफिसच्या परिषदेने दोषी ठरवलेला नेस्तोरियस तर कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर बसलेला होता. विद्वत्तेने चूक टळतेच असे नाही. उलट बाजूचे उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांत आहे. अपुल्लो हा अलेक्झांड्रियाचा, शास्त्रात निपुण, वक्तृत्वाचा धनी. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. ही उणीव कोणी ओळखली? तंबू शिवून पोट भरणाऱ्या प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने. त्यांनी त्याला चारचौघांत अपमानित केले नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. त्यांच्याच घरी मंडळी जमत असे. शिकलेल्या पाळकाची गरज मी नाकारत नाही. मूळ भाषा जाणणारा, इतिहास वाचलेला माणूस संगतीत असणे ही मोठी देणगी आहे. पण पारख करण्याचे काम पौलाने सर्वांवर सोपवले आहे, ते एकाच्या खांद्यावर टाकून बाकीच्यांना मोकळे होता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा, की घरात जमणे ही छळाच्या काळातली तडजोड होती. ३१३ साली मोकळीक मिळाली, मंदिरे उभी राहिली आणि प्रश्न मिटला. मग मोकळीक असतानाही माणसे पुन्हापुन्हा घराकडे का वळली? फ्रँकफर्टमध्ये १६७० साली फिलिप याकोब स्पेनर यांनी स्वतःच्या घरी अशा बैठका सुरू केल्या, तेव्हा त्यांच्यावर कसली बंदी होती? ते स्वतः लुथेरन पाळक होते, रविवारी त्यांचे व्यासपीठ त्यांचेच होते. ब्रिस्टलमध्ये १७४२ साली जॉन वेस्ली यांनी मेथडिस्टांचे साधारण बारा-बारा जणांचे वर्ग पाडले आणि प्रत्येकाला आपल्या आत्म्याची खुशाली सांगायला लावली. तेही शेवटपर्यंत इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित पाळकच राहिले. मंडळी फोडण्याच्या चौथ्या आरोपाचे उत्तरही यातच आहे.

खंडन एवढे पुरे. मला मुख्यतः सांगायचे आहे ते वेगळेच.

आमच्या गुरुवारच्या संगतीला एक आजी येतात. त्यांना अक्षरओळख नाही. एकदा शास्त्रपाठ रूथचा होता. कॉलेजातली मुले बवाज हा सोडवणारा कसा, यावर छान बोलली. मग आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "लहानपणी मी वेचलाय सरवा. मालकानं हातात दिलं की मान खाली जाती. ह्यानं गड्यांना सांगितलं, पेंढीतलं मुद्दाम पडू द्या, तिला बोलू नका. तिला वाटलं, आपण आपलं वेचलं." खोलीत कोणी काही बोलेना. देवाच्या कृपेतली ही अदब मी अनेक वर्षे उपदेश ऐकूनही कधी ऐकली नव्हती. आजी त्याच अनेक वर्षांत चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत होत्या. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

उपासनेत प्रत्येकाचा वाटा हवा तो यासाठी. ही केवळ हौस पुरवणे नव्हे. देवाने ज्याच्याजवळ जे ठेवले आहे, ते त्याच्या तोंडून आले नाही तर मंडळी त्याला मुकते. कार्थेजच्या तर्तुल्यनाने १९७च्या सुमारास आपल्या लोकांच्या जेवणाचे वर्णन केले आहे. हात धुऊन झाले, दिवे आले, की एकेकाला पुढे बोलावत आणि तो शास्त्रातले किंवा स्वतः रचलेले गीत देवासाठी गाई. आपल्याकडे तर हे परके वाटायचे काहीच कारण नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनपासून वेगळे होऊन 'देवाचा दरबार' मांडला, तोही ख्रिस्तभक्तीला मराठी अंगण मिळावे म्हणून. टाळ हातात घेऊन भजनाला बसलेल्यांत निव्वळ श्रोता कोणी उरत नाही.

पण आता घरवाल्यांनाही सुनावले पाहिजे. केवळ घरात बसल्याने काही साधत नाही. तिसऱ्या शतकात युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोसमध्ये ख्रिस्ती लोकांनी एका घराची मधली भिंत पाडून मोठी खोली केली आणि तिच्या एका टोकाला चौथरा बांधला. चौथरा घरातही येतो. फ्लॅटच्या हॉलमध्ये एकच भाऊ तासभर बोलतो आणि वीस जण माना डोलावतात, तेव्हा ते लहान आकाराचे चर्चच असते. बारा माणसांत माइक लावणे तर मला मुळीच पटत नाही. शेजाऱ्यांना त्रास होतो तो होतोच, शिवाय माइक ज्याच्या हातात, सभा त्याचीच होते. आणि फक्त आम्हीच खरे, चर्चला जाणारे सगळे नावाचे ख्रिस्ती, ही भाषा ज्या घरात चालते, तिथे करिंथचीच फुशारकी पुन्हा नांदते.

पाळकसाहेब, आठवड्यातली एक संध्याकाळ तुमच्या लोकांच्या घरी जाऊन ऐकण्यासाठी ठेवा. उपदेशाची वही चर्चमध्येच राहू द्या. आणि ज्यांच्या घरी संगती जमते त्यांनी गेल्या काही सभा आठवून पाहाव्यात. ज्याचा आवाज त्यांत एकदाही ऐकू आला नाही, त्याला पुढच्या वेळी आधी विचारा, आणि तो शब्द शोधत असेल तोवर थांबा.