मुखपृष्ठाचे अजीर्ण

आमच्या शाळेचे अभ्यासाचे संकेतस्थळ ‘मूडल’वर चालते, आणि दुसरे कोणी मिळेना म्हणून त्याची देखरेख माझ्या गळ्यात पडली आहे. सहामाहीच्या आदल्या रात्री पाहतो, तो मुखपृष्ठ पांढरेफटक! चुकांच्या नोंदीत एकच तक्रार : १३४२१७७२८ बाइट स्मृती संपली. म्हणजे नेमके १२८ एमबी, पीएचपीची मूळची मर्यादा.

मी ती ५१२ वर नेली. पान उघडले, मी खुशीत चहा मागितला. अर्ध्या तासाने मुले एकदम आली नि यंत्रानेच मान टाकली. ही मर्यादा प्रत्येक भेटीमागे वेगळी असते, हे मी विसरलोच होतो! चार जीबीच्या यंत्रात अशा आठ भेटी झाल्या की खेळ आटोपला.

पुतणीला फोन केला. “काका, आधी मोजलंत का?” डीबगिंगच्या पानावर कामगिरीच्या माहितीची खूण केली, तसा प्रत्येक पानाच्या तळाशी रॅमचा आकडा दिसू लागला. आतली पाने हलकी. मुखपृष्ठ तेवढे जड. मग आठवले. जूनमध्ये हौसेने मीच तेथे सगळ्या इयत्तांचे, सगळ्या वर्षांचे अभ्यासक्रम मांडले होते, चित्रांसकट! एका करंजीसाठी आलेल्यापुढे फराळाचे सारे डबे!

ती यादी काढून ज्याचे त्याचे विषय ठेवले, मर्यादा पुन्हा १२८ केली. तेव्हा पावणेदोन वाजले होते. सकाळी आठला पेपर असलेली मुले केव्हाच झोपली होती. मुख्याध्यापकांना मी अजून काही बोललेलो नाही.