सही करण्याआधी सर्जनलाही विचारा

अँजिओग्राफी चालू असतानाच डॉक्टर बाहेर येतात. ‘तीन ब्लॉक आहेत, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ.’ पेशंट आत टेबलावर, मुलाच्या हातात फॉर्म. अशा वेळी सांगलीतल्या माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरला फोन येतो : ‘डॉक्टर, सही करू का?’

मी उलट विचारतो, ‘हार्ट अटॅक चालू आहे का?’ असेल तर लगेच कर बाबा. तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. पण चढ चढताना दम लागतो म्हणून तपासणीला गेलेला, स्थिर पेशंट असेल, तर सीडी घेऊन बाहेर पडावं आणि हृदयशल्यविशारदाचंही मत घ्यावं. शुगर असेल तर नक्कीच.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रीडम’ अभ्यासात एकाहून अधिक धमन्यांत अडथळे असलेले १९०० मधुमेही होते. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काही ना काही स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के, तर बायपासवाल्यांत १८.७ टक्के लोकांना झालं. मात्र नुसता पक्षाघात पाहिला तर तो बायपासनंतर जास्त : ५.२ विरुद्ध २.४ टक्के. ही दुसरी बाजूही पेशंटला कळलीच पाहिजे.

स्टेंट नेमक्या एका जागेचा अडथळा उघडतो. बायपासची नळी अडथळ्याच्या पुढे जोडतात, त्यामुळे अलीकडच्या भागात उद्या नवा अडथळा आला तरी पुढे रक्त पोहोचतं. मधुमेहात असे अडथळे वाढतच जातात.

आमच्या एका हळद व्यापाऱ्यांची शुगर जुनी. ‘छाती फाडून घेणार नाही,’ म्हणून अडून बसलेले. त्यांच्या पत्नीने सर्जनना विचारलं, ‘स्टेंट टाकला तर परत टाकायची पाळी किती जणांवर येते?’ उत्तर ऐकून व्यापाऱ्यांनी बायपास करून घेतली. पुढे कित्येक आठवडे कूस बदलतानाही छाती दुखायची, पोतं उचलायला बंदी होती. हेही आधी सांगितलेलं होतं, म्हणून कुरकुर नव्हती.

एकच ब्लॉक असेल, किंवा वय ऐंशीच्या पुढे आणि किडनी थकलेली असेल, तर मी स्वतः स्टेंटकडे झुकेन. काहींना तर दोन्हीची घाई नसते. २०२० च्या ‘इस्केमिया’ अभ्यासात पाच हजारांहून अधिक स्थिर रुग्ण होते. आधी औषधं दिलेल्यांत आणि सुरुवातीलाच प्रक्रिया केलेल्यांत मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. छातीतलं दुखणं मात्र प्रक्रियेनंतर अधिक कमी झालं.

पुन्हा टेबलावर घ्यायचं म्हणजे दुसरा खर्च, असं हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात. ते खरं आहे. पण उरलेल्या आयुष्याचा निर्णय खर्चाच्या धाकाने कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या होऊ नये. २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. आता पुढचं पाऊल म्हणून, स्थिर मधुमेही रुग्णाला अनेक ब्लॉक असतील, तर स्टेंटआधी सर्जनचं लेखी मत सक्तीचं करावं; मग पैसे सरकारी योजना देवो, विमा कंपनी देवो की तो स्वतः.