अंगठ्याने मोजलेली हवा

मोटारसायकल घेताना आपण ॲव्हरेज विचारतो, हव्या त्या रंगासाठी महिनाभर थांबतो, पहिल्या दिवशी चाकाखाली लिंबूही ठेवतो. त्या चाकात हवा किती असावी, हे मात्र विचारत नाही. टायर अंगठ्याने दाबायचा, फार तर लाथ मारून पाहायची आणि ‘ठीक आहे’ म्हणायचे! टायर चांगलाच बसेपर्यंत अंगठ्याला काही कळत नाही.

खरे तर आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, बहुधा साखळीच्या कव्हरवरही चिकटवलेला असतो. मागच्या चाकाला अनेकदा दोन आकडे असतात, एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा. गाडीगणिक ते बदलतात, पण एकट्याला २८ पौंड लागत असतील तर दोघांना ३५, काही गाड्यांत ४० सुद्धा. आपला घोटाळा होतो तो इथेच. आठवडाभर गृहस्थ एकटे कचेरीत जातात. रविवारी मागे पत्नी, तिच्या मांडीवर पिशवी आणि गाडी दिवे घाटातून जेजुरीला. हवा मात्र शनिवारचीच. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, तापतो, आतून कमजोर होतो. वळणावर गाडी डुलते. हँडल धरणाऱ्याला ती जड झाल्याचे निदान जाणवते. मागे बसलेलीला तेही कळत नाही. तिने निघताना ‘गॅस बंद केला ना?’ याच्या जोडीला ‘मागे हवा किती आहे?’ हेही विचारावे आणि उत्तर आकड्यात मागावे.

‘उन्हाळ्यात हवा कमीच ठेवा’ हा सल्ला तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. तो साफ चुकीचा आहे, कारण टायर जास्त तापतो तो हवा कमी असल्यानेच. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब एक-दीड पौंड चढतो, हे आकडा ठरवताना धरलेलेच असते. म्हणून हवा मोजायची ती गाडी थंड असताना. ॲव्हरेजच्या लोभाने जास्त भरणारेही आहेत. त्यांचा टायर रस्त्याला कमी टेकतो आणि पावसात ब्रेक दाबला की घसरतो.

पेट्रोल पंपावर हवा फुकट देणे बंधनकारक आहे. तरी मुलाने ‘किती भरू?’ विचारले की आपण म्हणतो, ‘भर अंदाजे.’ त्या यंत्राचा काटाही दिवसभर आपटून घेतलेला असतो. पेनासारखा छोटा गेज स्वस्तात मिळतो. तो घरी ठेवावा, पंधरा दिवसांनी सकाळी लावावा. आणि हो, व्हॉल्व्हचे टोपण परत बसवावे. धूळ आत जाते.