नव्याचे नऊ आठवडे

जानेवारीत जिममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि मार्चमध्ये ट्रेडमिलवर टॉवेल वाळत घालावेत इतका शुकशुकाट असतो. दरवर्षी याचं खापर आपल्या आळसावर फुटतं. 'नव्याचे नऊ दिवस' म्हणून घरचेही हसून घेतात. माझं म्हणणं वेगळं आहे. माझ्या पाहण्यातले व्यायाम सोडणारे आळशी नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नको तेवढं केलं होतं आणि नको तेवढं करायला लावणारी अख्खी बाजारपेठ त्यांच्या मागे उभी होती.

वर्षाचे पैसे आगाऊ घेणाऱ्या जिमचं तुम्ही फेब्रुवारीत गायब झालात तर काय बिघडतं? उलट एक मशीन मोकळं होतं. रीलवाल्याला तीस दिवसांत 'आधी' आणि 'नंतर' दाखवायचं असतं, मधल्या कंटाळवाण्या महिन्यांना लाइक मिळत नाहीत. रोज दहा हजार पावलांचा आकडा तरी कुठून आला? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. एका वस्तूच्या नावातला आकडा आज आपल्या मनगटावर बसून आपल्याला नापास करतो.

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे 'स्टेप चॅलेंज' निघालं. आठ महिने रात्रीचे कॉल आणि खुर्ची यांत घालवल्यावर मी तेव्हा ठरवून रोज फक्त पंधरा मिनिटं चालत होतो. यादीत माझं नाव तळाला, आणि ग्रुपवर रोज 'कम ऑन, पुश करा'. पहिल्या आठवड्याचा विजेता तिसऱ्या आठवड्यात टाच धरून बसला होता. त्याची दखल घेणारी यादी मात्र कोणी काढली नाही.

बसून राहण्याने शरीराचं काय होतं, हे १९६६ साली अमेरिकेत डॅलसला तपासलं गेलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानेही त्या तीन आठवड्यांइतकं नुकसान केलं नव्हतं. मग त्यांनी सहा महिने चालणं, जॉगिंग, सायकल असं हळूहळू वाढवत नेलं आणि वयाने नेलेली ती क्षमता परत मिळवली. पन्नाशीत! गेलेलं परत येतं, पण त्याला महिने द्यावे लागतात.

कारण शरीराचे सगळे भाग एका वेगाने सावरत नाहीत. दम काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही लवकर साथ देतात. स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र सावकाश तयार होतात. म्हणून 'आता मस्त वाटतंय' असं ज्या आठवड्यात वाटतं, तोच सांभाळण्याचा आठवडा. एकदम अचाट व्यायाम केला तर स्नायू फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडांवर बेततं. हे क्वचित होतं, पण होतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले नवीन बदल आधी एक टक्का लोकांना देतो, लॉग बघतो, मग पाच टक्क्यांवर जातो. शुक्रवारी संध्याकाळी कोणी रिलीज करायचं म्हटलं तर अंगावर काटा येतो. तीच माणसं वर्षभर बंद असलेल्या गुडघ्यांवर सोमवारी सकाळी शंभर टक्के रिलीज करतात आणि त्याला जिद्द म्हणतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'हळूहळू' हे आळसाचं गोंडस नाव आहे, शिस्त लागते. लागतेच. पण अंगात रग असताना ठरलेल्या मिनिटाला थांबणं, ही दमून कोसळण्यापेक्षा अवघड शिस्त आहे. १९९६ साली जॉश क्लार्कने आखलेला 'काउच टू फाइव्ह के' बघा. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, असं वीस मिनिटं, आठवड्यातून फक्त तीनदा. पाच किलोमीटरपर्यंत पोचायला नऊ आठवडे. यात विश्रांतीचे दिवसही आराखड्याचाच भाग आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही २०२० पासून हेच सांगते: काहीच न करण्यापेक्षा थोडंसं बरं, थोड्यापासून सुरू करा, मग वाढवा.

आजारातून उठला असाल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी पर्वतीच्या पहिल्या पन्नास पायऱ्या चढून खुशाल खाली उतरावं. वर्षाची वर्गणी भरू नका, महिन्याची मागा. घड्याळातलं लक्ष्य स्वतः बदला, ते आकाशातून पडलेलं नाही. आणि कोणी 'एवढंच?' असं विचारलं, तर 'हो, आज एवढंच' म्हणा आणि परवा पुन्हा या.