यंत्राच्या पाटीसाठी वर्गणी देऊ नका

सातारा आणि सांगली हे जिल्हे वैद्यकीय सोयींच्या बाबतीत अगदीच दरिद्री आहेत असे कोणास म्हणता येणार नाही. मिरजेस 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय उघडले. 1962 साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. साताऱ्यासही आता असे महाविद्यालय झाले आहे. असे असता माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांतील आमची भगिनी स्तनात गाठ लागली तरी ती पदराआड झाकून मजुरीस जाते, आणि गाठीची जखम झाल्यावर दवाखान्याची पायरी चढते, याचा जाब कोणी कोणास विचारावयाचा?

प्रथम आपण आपल्या घरात विचारू. आपल्या आईची, बहिणीची, पत्नीची ही तपासणी कधी झाली आहे काय? 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या ज्या स्त्रियांची ही तपासणी एकदा तरी झाली होती, त्यांचे प्रमाण देशभरात शेकडा एकसुद्धा भरले नाही. आणि रोगाचा व्याप पाहावा तर 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला व सुमारे 98 हजार त्यात दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. रोग उशिरा उघडकीस येतो, हे या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे.

यावर उपाय म्हणून सामुदायिक रुग्णालयासाठी निधी उभारावा, हा विचार योग्यच आहे. परंतु निधीची गोष्ट निघाली की पहिली सूचना येते ती यंत्राची. मॅमोग्राफीचे यंत्र घ्यावे, त्याचे उद्घाटन करावे, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरावी! या सूचनेस आमचा विरोध आहे. हे यंत्र निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. गाठ असलेल्या स्त्रीच्या पुढील तपासात ते उपयोगी पडते. परंतु ते चालविणारा तंत्रज्ञ, त्याचे चित्र वाचणारा तज्ज्ञ आणि दुरुस्तीचा कायमचा खर्च यांची तरतूद नसेल, तर ते कुलपात पडून राहते आणि पाटी तेवढी चकाकते. शिवाय तरुण स्त्रीच्या घट्ट स्तनात त्यास गाठ नीट दिसत नाही.

मग करावे काय? याचे उत्तर मुंबईच्या गरीब वस्त्यांनी दिलेले आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 साली तेथे 35 ते 64 वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, चार वेळा, हाताने तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या निष्कर्षांत असे दिसले की तपासलेल्या स्त्रियांचा रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ शेकडा 30 ने घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंची अशी घट आढळली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणूनच आमच्या घरांतील पन्नाशीपुढच्या आया आणि सासवा, ज्यांच्या दुखण्यास 'आता वयच झाले' असे म्हणून वाटेस लावले जाते, त्यांना या तपासणीत पहिला मान मिळाला पाहिजे.

तेव्हा निधी जमवा, पण तो खर्चावयाचा कशावर हे आधी ठरवा. आमच्याच वस्त्यांतील शिकलेल्या मुलींना या तपासणीचे शिक्षण आणि रीतसर मानधन द्या. गाठ आढळलेल्या बाईस जतहून मिरजेस जावयाचे तर एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी द्या. सोनोग्राफी व सुईने काढावयाच्या नमुन्याचा खर्च द्या. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेखाली निवडलेल्या रुग्णालयांत कर्करोगाचे उपचार विनामूल्य होतात; परंतु रोग कागदावर सिद्ध होईपर्यंतचा खर्च बहुधा कुटुंबाच्या माथी बसतो, आणि नेमकी तेथेच बाई घरी परतते. प्रत्येक बाईची नोंदवहीत नोंद ठेवा, आणि न आलेल्या बाईच्या दारी जा. हिशेब दर सहा महिन्यांनी वस्तीपुढे वाचून दाखवा.

कोणी म्हणतील, हे तर सरकारचे काम! होय, सरकारचेच आहे. 30 ते 65 वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारने 2016 साली स्वतःच ठरविले आहे. आपल्या गावच्या उपकेंद्रात ती किती जणींची झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. त्याचप्रमाणे, 2006 साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा 10 खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व आणखी 10 दुर्बल रुग्णांसाठी सवलतीने राखून ठेवावयाच्या आहेत. या खाटा मागताना हात जोडण्याचे कारण नाही. तो हक्क आहे. आपण वर्गणी दिली म्हणून सरकार किंवा विश्वस्त मोकळे सुटत नाहीत. उलट आपल्या नोंदवहीतील प्रत्येक नाव हा त्यांच्यापुढे ठेवावयाचा पुरावा होईल.

आणि कोणी म्हणतील, गरिबांनी वर्गणी आणावी कोठून? बंधूंनो, जयंतीच्या मांडवास, कमानीस आणि कर्ण्यांस आपण पैसा कोठून आणतो? त्यातील एक वाटा या कामी काढून ठेवण्यास कोणाची आडकाठी आहे?

शेवटची अडचण लाजेची आहे. बाईने आपले शरीर झाकावे, दुखणे गिळावे आणि मुकाट्याने मरावे, ही शिकवण आपण जुन्या घरीच टाकून आलो, असे आपण म्हणतो. ती खरोखर टाकली काय, याची परीक्षा सभेत होत नाही. गाठ लागलेली बाई नवऱ्यास निर्भयपणे सांगते काय आणि तो दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत निघतो काय, येथे ती होते.

ज्या साताऱ्यात बालवयातील भीमराव आईवाचून पोरका झाला, त्या साताऱ्यात आणि शेजारच्या सांगलीत आज एकाही मुलाची आई केवळ उशिरा कळले म्हणून जाऊ नये. भगिनींनो, तपासणीस चला. बंधूंनो, त्यांच्यासोबत चला, आणि येत्या सभेत यंत्राच्या पाटीचा ठराव आला तर त्याविरुद्ध हात वर करा.