बाळ ठीक आहे, आणि आई?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने वैद्यकीय विषयावर लेखणी उचलावी, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. जमाखर्च आणि ताळेबंद यांत रमणाऱ्या मुलीने कर्करोगावर काय लिहावे? परंतु २०२५ च्या उन्हाळी सुट्टीत मी जे डोळ्यांनी पाहिले, ते लिहिल्यावाचून मला राहवत नाही. वाचकांनी ते डॉक्टरचे मत म्हणून नव्हे, एका घरातल्या मुलीचे मत म्हणून वाचावे, एवढीच विनंती.

माझी मावशी मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात तिरला येथे राहते. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. त्यामुळे त्या मुलखात मराठी घरे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी, ओट्यावर माळवी आणि कचेरीत हिंदी, असा तिथला रिवाज. मी गेले तेव्हा वहिनीला चौथा महिना लागला होता. पहिलटकरीण! मावशीचा आनंद गगनात मावत नव्हता.

एके दुपारी वहिनीची फाईल माझ्या हाती आली. हिशेबाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही आम्हा वाणिज्यवाल्यांची सवय. सोनोग्राफीच्या रिपोर्टात वरच्या ओळी बाळाच्या होत्या: ठोके आहेत, वाढ बारा आठवड्यांची आहे. घरच्यांनी तेवढे ऐकले आणि पेढे वाटले. पण खाली आणखी एक ओळ होती. डाव्या अंडाशयात नऊ सेंटीमीटरची गाठ, तिचा काही भाग घट्ट. चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे. ते चार आठवडे संपत आले होते आणि त्या ओळीबद्दल घरात कोणी बोलत नव्हते.

मी विचारले, तर मावशी म्हणाली, "अगं, बाळ ठीक आहे ना? मग झालं. गाठीचं बाळंतपणानंतर बघू. आत्ता पोटाला हात लावायचा नाही."

मावशी अडाणी नाही, दुष्ट तर मुळीच नाही. गरोदरपणी पोटावर शस्त्रक्रिया म्हणजे जोखीम, ही तिची भीती खरीच आहे. शिवाय गरोदरपणाच्या सुरुवातीला अंडाशयावर दिसणाऱ्या बहुतेक गाठी साध्या असतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप विरून जातात. म्हणूनच तर डॉक्टर काही आठवडे थांबून पुन्हा बघायला सांगतात. पण थांबून बघणे वेगळे आणि न बघणे वेगळे. आपल्या घरांतून या दोहोंतला फरक पुसला जातो, हे माझे दुःख आहे.

'अंडाशय' हा शब्द मी मराठी शाळेत शास्त्राच्या पुस्तकात शिकले. हिंदीत तो तसाच आहे आणि आपल्या कन्नड विभागातल्या मैत्रिणीही तोच शब्द वापरतात. तीन भाषांत एकच शब्द. पण त्या घरात तो एकाही भाषेत कोणी उच्चारला नाही. "पोटातलं ते", एवढेच. ज्या अवयवाचे नाव घेण्याची लाज वाटते, त्याच्या दुखण्याची दाद कोण घेणार?

शेवटी वहिनीनेच तोंड उघडले. ती म्हणाली, "आई, बाळाची काळजी तुमच्याइतकीच मलाही आहे. पण मला काय झालंय, ते आधी मला कळू द्या." दुसऱ्या दिवशी दादा तिला घेऊन धारला गेला. गाठ विरली नव्हती, वाढली होती. तिथून इंदूर. पुढच्या फेऱ्यांना मीही सोबत होते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून जे समजावले, ते मी वहीत उतरवून घेतले. अशा वेळी एम. आर. आय. करता येतो, कारण त्यात क्ष-किरण नसतात. कर्करोगाच्या संशयात जी रक्ततपासणी नेहमी करतात, ती सी. ए. १२५ गरोदरपणात मुळातच वाढलेली असू शकते. म्हणून एकट्या तिच्यावर विसंबता येत नाही. शस्त्रक्रियेला चौदाव्या आठवड्यानंतरचा काळ बरा. तोवर गर्भाला टिकवणारे संप्रेरक वार स्वतः पुरेसे तयार करू लागते. अंडाशयावर भार राहत नाही आणि गर्भपाताची भीती कमी होते. केमोथेरपीची गरज पडलीच तर पहिले तीन महिने ती टाळतात, कारण तेव्हा बाळाचे अवयव घडत असतात. त्यानंतर मात्र काही औषधे देता येतात आणि बाळंतपणाच्या सुमारे तीन आठवडे आधी ती थांबवतात.

हे ऐकून आम्ही थक्क झालो. आमची समजूत अशी, की कर्करोग आणि गर्भ एका देहात आले म्हणजे एकाचा बळी ठरलेलाच. पण २०१५ साली युरोपातील डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आई पोटुशी असताना तिला कर्करोग झाला, अशी १२९ मुले त्यांनी तपासली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या आयांना गरोदरपणातच केमोथेरपी दिलेली होती. या मुलांची बुद्धी, हृदय आणि एकंदर वाढ इतर मुलांसारखीच आढळली. बौद्धिक वाढीत फरक दिसला तो दिवस भरण्याआधी जन्मण्याशी जोडलेला होता. म्हणजे उगाच घाईने बाळंतपण उरकणे हाही काही निर्धोक मार्ग नव्हे.

जूनमध्ये, अठराव्या आठवड्यात, वहिनीचे डावे अंडाशय आणि त्या बाजूची नलिका काढली. गाठ कर्करोगाचीच होती. तरुण वयात आढळणारा डिस्जर्मिनोमा नावाचा तो प्रकार. पण तो अंडाशयाच्या बाहेर गेला नव्हता, म्हणून केमोथेरपी लागली नाही. फक्त नेमाने तपासणी. नोव्हेंबरात दिवस भरून तिला मुलगी झाली. नातीला प्रथम मांडीवर घेतले ते मावशीने.

प्रत्येकीची कथा अशी गोड संपत नाही, हेही मी जाणते. रोग पसरलेला असेल आणि दिवस थोडे गेले असतील, तर गर्भ ठेवायचा की नाही, हा कठोर प्रश्न डॉक्टरांना पुढे ठेवावाच लागतो. पण तिथेही १९७१ च्या गर्भपात कायद्याने संमती मागितली आहे ती सज्ञान स्त्रीची. नवऱ्याची नव्हे, सासूचीही नव्हे. कायद्याने जिला विचारायला सांगितले, तिलाच आपण घरात शेवटी विचारतो!

१७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच धार जिल्ह्यातील भैंसोला येथून पंतप्रधानांनी 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियानाचा आरंभ केला. त्यात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी होती. चांगलीच गोष्ट. अंडाशय त्या यादीत नव्हते, यात सरकारला दोष देता येणार नाही. कारण निरोगी स्त्रियांना सरसकट तपासून या कर्करोगाचे मृत्यू टळतात, असे अजून सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीने २०२१ मध्ये हेच सांगितले. मग तरुण स्त्रीचे अंडाशय कोणाच्या नजरेस पडते कधी? पुष्कळदा पहिल्यांदा पडते ते गरोदरपणाच्या सोनोग्राफीत! ती संधी सहज चालून येते आणि आपण रिपोर्टाची वरची चार ओळी वाचून ती दवडतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. गरोदर स्त्रीची तपासणी ही बाळाची तपासणी नव्हे. ती दोघांची तपासणी आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे आपली बहीण, वहिनी जाईल, तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने सोबत जावे आणि दोन प्रश्न विचारावेत: बाळ कसे आहे? आणि आई कशी आहे? रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. पुन्हा बोलावलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी.

आपल्या महाविद्यालयातील कित्येक जण घरातले पहिले पदवीधर होतील. पदवीचा उपयोग नोकरीसाठी होईल तेव्हा होवो. घरातला एक कागद नीट वाचण्यासाठी तर तो आजच होऊ शकतो.

— एक विद्यार्थिनी, बी. कॉम. भाग दोन