आधी हात, मग आवाज : सूसमधल्या सदनिकेसाठी इलेक्ट्रॉनिक ड्रम

१/ मुळशी तालुक्यातील सूस हे गाव जून २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्याआधीच पाषाणहून येणाऱ्या रस्त्यालगत उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. ज्या मुळशी-मावळच्या गावांतून ढोल-लेझीमचे खेळ पुण्याच्या मिरवणुकांत उतरत आले, त्याच मुलखात आज ड्रम शिकू पाहणाऱ्या मुलाला घरी वाजवायला जागा नाही. उरतो तो इलेक्ट्रॉनिक ड्रम. तो नेमका कोणता घ्यावा, यावर दुकानदाराइतकेच त्या वाद्याच्या इतिहासालाही काही सांगायचे आहे, आणि ते बहुतेकदा दुकानदाराच्या विरुद्ध जाते. #थ्रेड

२/ आधी अडचण किती मोठी ते पाहू. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. खरा ड्रम-संच जोरात वाजला, की त्याच्या जवळ आवाज सहज शंभर डेसिबलच्या वर जातो. डेसिबलचे मोजमाप सरळ रेषेत चढत नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहा पट होते. भिंतीला गोधड्या लावून मिटणारे हे अंतर नव्हे.

३/ गंमत अशी, की ड्रम-संच हे वाद्य मुळात जागेच्या टंचाईतूनच जन्मले. बँडमध्ये मोठा ढोल, छोटा ढोल आणि झांजा वाजवणारी माणसे वेगवेगळी असत. नाट्यगृहाच्या वादकांच्या खळग्यात इतकी माणसे मावेनात, आणि त्यांचा पगारही परवडेना. १९०९ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम लुडविग यांनी पायाने चालणारे वेगवान पेडल बाजारात आणले आणि मोठा ढोल पायाखाली गेला. तेव्हापासून ड्रमरचे निम्मे शिक्षण पायांचे असते. निवड करताना लोक हेच सर्वांत आधी विसरतात.

४/ वीज या वाद्यात शिरली ती मात्र आवाजाच्या नवलाईसाठी. १९७६ मध्ये अमेरिकेत जो पोलार्ड यांचा ‘सिनड्रम’ आला. १९८१ मध्ये इंग्लंडमध्ये डेव्ह सिमन्स यांनी षटकोनी पॅडचा ‘एसडीएस-५’ काढला. त्या दशकातील पॉप संगीताच्या चित्रफितींत दिसणारे ते सहा कोनांचे चकचकीत पॅड हेच. दिसायला देखणे, आवाजाला अपूर्व. पण त्यांचा पृष्ठभाग कठीण पॉलिकार्बोनेटचा होता. काठी आदळली की धक्का परत मनगटात. वादकांची मनगटे आणि कोपरे दुखू लागली, तेव्हा कंपनीला पुढच्या पॅडवर मऊ रबर चढवावे लागले.

५/ याच सुमारास हात पूर्णपणे बाजूला ठेवण्याचाही प्रयोग झाला. रोलँड या जपानी कंपनीचे ‘टीआर-८०८’ हे यंत्र १९८० चे. त्यात ताल वाजवायचा नसे, बटणे दाबून मांडायचा असे. १९८२ मध्ये मुंबईचे चरणजित सिंग यांनी हेच यंत्र वापरून दहा रागांची एक तबकडी काढली. ती तेव्हा फारशी कोणाला कळली नाही. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर, शिकागोच्या ‘हाउस’ संगीताआधीच असे काही मुंबईत घडले होते हे पाहून जग थक्क झाले. ती तबकडी थोरच आहे. पण तिच्यातील ठोके यंत्राचे आहेत. ज्याला ड्रमर व्हायचे आहे, त्याची गरज वेगळी.

६/ खरा कलाटणीचा क्षण १९८३ चा. त्या वर्षी ‘मिडी’ हा संकेत प्रचारात आला : कोणता पॅड, कधी आणि किती जोराने वाजला, एवढेच आकड्यांत सांगणारी भाषा. जोर सांगायला १ ते १२७ एवढ्या पायऱ्या. १९८५ मध्ये रोलँडने ‘ऑक्टापॅड’ आणला. त्या पहिल्या ऑक्टापॅडच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता! आठ पॅड आणि मागे तारा. आवाज दुसऱ्या यंत्रातून काढायचा. म्हणजे वाजवणे आणि आवाज या दोन गोष्टी त्या दिवशी कायमच्या विलग झाल्या. पुढचे सारे म्हणणे याच एका घटनेवर उभे आहे.

७/ नंतरच्या ऑक्टापॅडमध्ये आवाज आतच आले आणि महाराष्ट्राने ते वाद्य आपलेसे केले. (नावही बदलून घेतले, इथे तो ‘ऑक्टोपॅड’.) जत्रेतला ऑर्केस्ट्रा असो, भजनसंध्या असो की लग्नाची वरात, काँगो-बोंगोपासून ढोलकीच्या थापेपर्यंतचा सरंजाम एका पिशवीत मावू लागला. म्हणूनच अनेक घरांत आजही सल्ला मिळतो, की ड्रम कशाला, ऑक्टोपॅडच घे. कार्यक्रम करणाऱ्याला तो योग्य आहे. शिकणाऱ्याला मात्र तो अर्धा पडतो. मूळ वाद्यात पेडल नसल्याने पाय रिकामेच राहतात. पेडल जोडता येते, पण सहसा कोणी जोडत नाही.

८/ हाताचा प्रश्न सुटायला १९९७ उजाडले. त्याची पूर्वपीठिका मात्र जुनी. ड्रमची कातडी पाने पावसाळी हवेत सैल पडत. आपल्या ढोल-ताशावाल्यांना हे सांगायला नको. १९५७ मध्ये रेमो बेली यांनी प्लॅस्टिकचे पान यशस्वी करून दाखवले. चाळीस वर्षांनी त्यांच्याच ‘रेमो’ कंपनीच्या साहाय्याने रोलँडने ‘व्ही-ड्रम्स’ संचात बारीक जाळीचे पान बसवले. जाळीतून हवा आरपार जाते, म्हणून आवाज कमी. तरीही ती चावीने ताणता येते, म्हणून काठी खऱ्या पानासारखी उसळते. उसळी किंचित जास्तच असते, हा तिचा दोष. पण मनगटाला शिक्षा नाही.

९/ या इतिहासाचा निवडीशी संबंध असा : पैसा पॅडवर खर्च करावा, आवाजांच्या संख्येवर नव्हे. विक्रेता ‘यात चारशे आवाज आहेत’ असे सांगतो. पण मिडीमुळे कोणताही बरा संच यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडता येतो आणि तिथून हवा तो आवाज काढता येतो. उद्या कोणी पुणेरी ढोलाचे ठोके ध्वनिमुद्रित करून त्यावर बसवले, तर तेही वाजतील. आवाज पुढे केव्हाही बदलता येतात. तीन वर्षे टणक रबरावर घडलेला हात बदलणे त्याहून पुष्कळ कठीण.

१०/ म्हणून निदान स्नेअर आणि टॉम जाळीचेच हवेत. स्नेअरचा पॅड दहा-बारा इंचांचा असावा. आठ इंचांच्या पॅडवर सराव केलेला हात खऱ्या ड्रमवर कडा चुकवतो. हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडणारी-मिटणारी झांजेची जोडी, खऱ्या स्टँडवर बसत असेल तर उत्तम. नसेल तर निदान तिचे पेडल ‘उघडे’ आणि ‘बंद’ यांच्या मधल्या अवस्था ओळखणारे असावे. या दोन अटींपायी मॉड्यूल एक पायरी खालचे घ्यावे लागले, तरी सौदा वाईट नाही.

११/ सूससारख्या ठिकाणी खरी कसोटी बेस ड्रमच्या पेडलची. इलेक्ट्रॉनिक ड्रम हेडफोन लावणाऱ्यापुरताच शांत असतो. हवेतला आवाज थांबतो, पण पेडलचा ठोका स्लॅबमध्ये उतरतो, आणि एकसंध काँक्रीटच्या इमारतीत तो खालच्या घरी छतावर कोणी टाच आपटावी तसा पोहोचतो. यावर तोडगा म्हणून हातोडी नसलेली पेडले मिळतात. ती शांत असतात, जागाही कमी घेतात. पण १९०९ पासून चालत आलेली पायाची विद्या त्यांवर पुरती येत नाही. त्यापेक्षा खरे पेडल घ्यावे आणि संचाखाली चौथरा करावा : प्लायवूडचे दोन तक्ते, मध्ये समान अंतरावर टेनिसचे चेंडू, वर जाड सतरंजी. जगभरच्या सदनिकांतले ड्रमर हाच उपाय करतात आणि तो बऱ्यापैकी चालतो. पूर्ण चालतो असे सांगणारा विक्रेता मात्र खोटे बोलत असतो.

१२/ ‘यापेक्षा रबराचा एक सराव-पॅड घ्यावा आणि आठवड्यातून दोनदा क्लासमध्ये खरा ड्रम वाजवावा,’ असे म्हणणारे शिक्षक आहेत. त्यांचे चुकत नाही. पहिले सहा महिने तेच करणे शहाणपणाचे आहे, कारण घरात आलेला संच कपडे वाळत घालायची दांडी झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. शिवाय इलेक्ट्रॉनिक संचाची किंमत झपाट्याने उतरते. खऱ्या ड्रमचे लाकूड टिकते, तर मॉड्यूल काही वर्षांत जुने ठरते. याच कारणाने वापरलेला पण वरच्या दर्जाचा संच नव्या स्वस्त संचापेक्षा पुष्कळदा सरस असतो. फक्त तारा, जाळी आणि पेडलचे सुटे भाग भारतात मिळतात ना, एवढे विचारून घ्यावे.

१३/ दुकानात गेल्यावर मॉड्यूलचा आवाज आधी शून्यावर आणावा आणि पाच मिनिटे नुसते वाजवावे. काठी कशी परतते, पॅड किती खडखडतो, पाय दमतो का, हे तेव्हाच कळते. मग आवाज चालू करून स्नेअरवर अगदी हलक्या ठोक्यापासून पूर्ण जोरापर्यंत हळूहळू चढत जावे. मधेच एकदम उडी बसली तर संवेदक कमअस्सल. शेवटी स्नेअर जोरात वाजवून शेजारचा टॉम आपोआप बोलतो का, ते ऐकावे.

१४/ आणि संच घरी बसला, की पहिल्याच संध्याकाळी मित्राला पेडल मारायला बसवून वादकाने स्वतः जिना उतरून खालच्या घरी जावे. दिवाणखान्यात दोन मिनिटे उभे राहावे, घरातल्या माणसांची झोपायची वेळ विचारावी, आणि वर येऊन चेंडूंची संख्या वाढवावी.